डावा डोळा, नॉर्मल

त्या वर्षी जुलैत भांडुपच्या टेकडीवर घरटी डोळे आले होते. लाल डोळ्यांची पोरं, काळे गॉगल लावलेले बाप्ये, आणि मेडिकलवाल्याकडे थेंबांच्या बाटलीसाठी रांग. बुद्धविहाराच्या हॉलमध्ये भरणारी बालवाडी चेतनानं आठ दिवस बंद ठेवली. अकरा वर्षं ती ही बालवाडी चालवत होती. एका ट्रस्टची बालवाडी, पगार बेताचा, पण टेकडीवर वर-खाली करताना दर चार पायऱ्यांवर कुणीतरी "जयभीम टीचर" म्हणायचं, त्याची तिला सवय झाली होती.

नवव्या दिवशी सकाळी ती सतरंज्या झटकत होती तेव्हा सपना आली. सपना वरच्या चाळीत राहायची, घरबसल्या नकली दागिन्यांना खडे चिकटवायचं काम करायची. तिची मुलगी बोधी चेतनाच्या बालवाडीतून पुढे गेलेली, आता तिसरीत, आठ वर्षांची. सपनाच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"टीचर, बोधीला दिसत नाहीये."

"डोळे आलेत ना तिचे? चिकटले असतील. कोमट पाण्यानं पूस."

"उजवा आलाय. सुजून बंद झालाय. डावा चांगला आहे, लाल पण नाही. सकाळी उठली आणि मोरीच्या कठड्याला धडकली. मी ओरडले, डावा डोळा उघड ना गं, तर म्हणते उघडाच आहे. मी म्हटलं घड्याळात बघ किती वाजले. तर म्हणते, घड्याळ दिसतंय, काटे नाही दिसत." सपनानं श्वास घेतला. "मी विचारलं कधीपासून असं होतंय? तर म्हणते, हा डोळा असाच आहे ना. असाच आहे, म्हणते. मला वाटलं सगळ्यांचा एक डोळा असाच असतो, असं म्हणते."

चेतनाच्या हातातली सतरंजी तशीच राहिली. पण तेव्हा तिला काही आठवलं नाही. निदान पुढे ती स्वतःला तसं सांगत राहिली.

डोळ्यांची साथ उतरेपर्यंत तीन आठवडे गेले. मग मुलुंडच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात जायचं ठरलं. सपनाचा नवरा विशाल लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता. त्याला सुट्टी मिळेना, आणि सपनाला मोठ्या हॉस्पिटलची, तिथल्या इंग्रजी फॉर्मची धास्ती. "टीचर, तुम्ही चला ना," ती म्हणाली. चेतना गेली.

तपासायला दोन तास लागले. बोधीच्या डोळ्यांत थेंब घातले, बाकावर बसवलं, पुन्हा आत नेलं. डॉक्टर जान्हवी म्हणून होत्या, चाळिशीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी बोधीला फिशटँक बघायला बाहेर पाठवलं आणि सपनाला समोर बसवलं.

"उजव्या डोळ्याला नंबर जवळजवळ नाही. डाव्याला अधिक साडेसहा आहे. हा लहानपणापासूनचा असणार. एक डोळा स्पष्ट दाखवतो, दुसरा धूसर. मग मेंदू काय करतो, धूसर डोळ्याचं ऐकणंच सोडून देतो. आळशी डोळा म्हणतात याला. डोळ्यात बिघाड नसतो, तिरळा पण दिसत नाही, म्हणून घरच्यांना कळतच नाही."

"चष्मा लावला की बरं होईल ना?"

"चष्मा लागेलच. मग चांगल्या डोळ्यावर पट्टी, रोज सहा तास, म्हणजे या डोळ्याला काम करावं लागेल. पण ताई, मी खोटी आशा दाखवणार नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी सापडलं असतं तर खूप फरक पडला असता. आठव्या वर्षी किती पडेल सांगता येत नाही. लहानपणी कुठे तपासणी झाली होती का?"

सपनानं पिशवीतून प्लॅस्टिकची फाइल काढली. जन्मदाखला, लसीचं पुस्तक, आणि त्यामागे घडी न पडू देता जपलेलं पिवळं कार्ड. चेतनानं ते लांबूनच ओळखलं. वर ट्रस्टचा शिक्का, जानेवारी २०२०. खाली निळ्या शाईत तिचं स्वतःचं गोल, टापटीप अक्षर. उजवा डोळा: नॉर्मल. डावा डोळा: नॉर्मल.

"झाली होती ना," सपना म्हणाली. "साडेचार वर्षांची होती. ह्या टीचरनीच केली होती."

डॉक्टरांनी कार्ड पाहिलं, मग चेतनाकडे पाहिलं. नजरेत आरोप नव्हता.

"एकेक डोळा झाकून तपासलं होतं?"

"हो," चेतना म्हणाली.

"मग पोरीनं बोटांच्या फटीतून बघितलं असेल. मुलं बघतात. त्यांना वाटतं, बरोबर सांगितलं की शाबासकी मिळते." त्यांनी कार्ड परत दिलं.

सपनानं ते पुन्हा फाइलमध्ये सरळ घालून ठेवलं. "लबाड आहे माझी पोरगी," ती म्हणाली आणि तिथेच, डॉक्टरांच्या टेबलाशी, पदर तोंडाला लावून रडायला लागली. चेतनानं तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिला दिवसभर आपला वाटला नाही.

झालं होतं ते असं.

त्या जानेवारीत ट्रस्टनं प्रत्येक बालवाडीला एक खोकं पाठवलं. आत घर, सफरचंद, गोल आणि चौकोन अशी चित्रं लहान लहान होत जाणारा तक्ता, अंतर मोजायची दोरी, एका काचेवर काळं कापड शिवलेला चष्मा. बालवाडी शिक्षिकांचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण झालं. एका मुलाला दहा मिनिटं लागतील असं सांगितलं. चेतनाकडे अडतीस मुलं होती आणि कार्डं दुसऱ्या दिवशी पोचवायची होती. मदतनीस शांताबाई खिचडीच्या मागे. पहिल्या तेरा मुलांना चेतनानं शिकवल्याप्रमाणे नीट तपासलं. घसा बसला. दोन मुलं काळ्या चष्म्याला घाबरून रडली, त्यांचं बघून आणखी चार रडली.

बोधी चौदावी होती. डावा डोळा झाकला तेव्हा तिनं शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड सांगितलं. उजवा झाकला आणि तिनं चष्मा ओढून काढला. पुन्हा लावला, पुन्हा काढला. चेतनानं मग हातानंच डोळा झाकला तर बोधी तिचा हात दोन्ही हातांनी ढकलायला लागली.

"नको ना टीचर. पुसलं जातं."

"काय पुसलं जातं? नाटकं नको हं बोधी."

"सगळं पुसलं जातं," म्हणून ती भोकाड पसरून रडली.

चेतनानं तिला कडेवर घेतलं, नाक पुसलं, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून विचारलं. बोधीनं हसत हसत सगळी चित्रं सांगितली. रजिस्टरात दोन खुणा झाल्या, उजवा नॉर्मल, डावा नॉर्मल. त्यानंतरच्या चोवीस मुलांचे डोळे चेतनानं झाकलेच नाहीत. उगाच कशाला पोरांना रडवायचं, असं तिला वाटलं होतं. अंधार पडायच्या आत सगळी कार्डं लिहून झाली होती.

प्रशिक्षणात एक वाक्य दोनदा सांगितलं होतं. एक डोळा झाकू देतं आणि दुसरा झाकू देत नाही अशा मुलाला हट्टी समजू नका, त्याचं नाव आधी आमच्याकडे पाठवा. चेतनानं ते वहीत लिहूनही घेतलं होतं. मुलुंडहून परत येताना, रिक्षात बोधी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती तेव्हा, ते वाक्य तिला शब्द न् शब्द आठवलं. त्या तपासणीनंतर दोन महिन्यांत लॉकडाउन लागून सगळं बंद पडलं होतं. बोधीची बालवाडीची उरलेली वर्षं घरात गेली, पहिली मोबाइलवर गेली. तिचे डोळे पुन्हा कुणी पाहिलेच नव्हते.

चष्मा आला. जाड भिंगामागे बोधीचा डावा डोळा मोठा दिसायचा, उजवा लहान. दोन आठवड्यांनी पट्टी सुरू झाली. उजव्या डोळ्यावर ती कातडीच्या रंगाची पट्टी चिकटवली की बोधी भिंतीला धरून चालायची. शाळेत पट्टी लावून पाठवलं तर फळ्यावरचं काही दिसेना, पोरं "काणी" म्हणायला लागली. म्हणून शाळेनंतर दुपारी एक ते सात अशी वेळ ठरली. त्या वेळात डोळ्याला बारीक काम द्यायचं होतं. मणी ओवायचे, ठिपके जोडायचे, तांदळातले खडे काढायचे.

"माझ्याकडे पाठव दुपारी," चेतनानं आपणहून सांगितलं. "बालवाडी साडेबाराला सुटते. मी बसवीन तिला."

सपनाचे डोळे भरून आले. "टीचर, तुमच्यासारखं कोण करतं हो आजकाल."

सपना त्या दिवसांत सुकत चालली होती. विशाल वाईट माणूस नव्हता, पण त्याला कुणावर तरी राग काढायला हवा होता. "दिवसभर त्या खड्यांवर डोळे लावून बसतेस," तो म्हणायचा, "पोरीच्या डोळ्यात बघायला तुला आठ वर्षांत टाइम नाही मिळाला?" एकदा तर सासरच्या गावाहून फोन आला, आईचंच लक्ष नाही म्हणून. हे सगळं सपना चेतनाला सांगायची, चहा पुढे ठेवून. चेतना चहा प्यायची. "त्याला समजवते मी," म्हणायची. समजवायला गेली नाही.

सप्टेंबरच्या शेवटी एक दिवस बोधी आली ती गालावर चार बोटं उमटलेली घेऊन.

"काय झालं गं?"

"पप्पांनी मारलं. दुपारी जेवायला घरी आले होते, तेव्हा मी पट्टी काढली होती. डोळा खाजत होता." तिनं मण्यांचा डबा उघडला, सुई शोधायला लागली. डाव्या डोळ्यानं शोधताना तिचं नाक डब्याला टेकायचं. "पप्पा म्हणाले, तेव्हा पण फसवलंस, आता पण फसवतेस."

चेतनानं सुई शोधून दिली.

थोडा वेळ बोधी मणी ओवत राहिली. दहा-बारा झाले असतील. मग मान वर न करता म्हणाली, "टीचर, सॉरी."

"कशाबद्दल?"

"मी लहान होते तेव्हा फटीतून बघितलं ना. म्हणून तुम्हाला कळलं नाही. मी नसतं बघितलं तर डॉक्टरांनी तेव्हाच बरं केलं असतं."

"तुला आठवतंय ते?"

"हो," बोधी म्हणाली. "तुम्ही असा हात धरला होता आणि मी असं बोटांतून बघितलं." तिनं तळहात डोळ्यासमोर धरून बोटं फाकवून दाखवली. पट्टीवर. "मला शाबासकी पाहिजे होती."

घडलंच नव्हतं ते तिला आता आठवायला लागलं होतं. दीड महिना मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकून ऐकून तिनं ते आपल्या डोक्यात नीट बसवून घेतलं होतं, शाबासकीसकट.

हॉलमध्ये दोघीच होत्या. बाहेर शांताबाई भांडी घासत होती.

"बोधी, इकडे बघ. तू फटीतून बघितलं नव्हतंस."

"बघितलं होतं."

"नाही. मी तुझा हा डोळा झाकला आणि तू रडलीस. मला म्हणालीस, पुसलं जातं. तू खरं सांगितलं होतंस. मीच ऐकलं नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून विचारलं आणि कार्डावर खोटं लिहिलं. चूक माझी आहे, तुझी नाही. तू काहीच केलं नव्हतंस."

बोधी तिच्याकडे बघत राहिली. जाड भिंगातून तिचा डोळा स्थिर दिसत होता, त्यात काय चाललंय ते कळत नव्हतं. तिनं रडायला हवं होतं, किंवा चिडायला. ती म्हणाली, "मग पप्पांना सांगा ना."

त्याच संध्याकाळी सात वाजता, पट्टी काढायच्या वेळी, चेतना बोधीला घेऊन वरच्या चाळीत गेली. विशाल नुकताच आला होता, बनियनवर बसून जेवत होता. सपना खड्यांचं ताट घेऊन दारात बसली होती, तिथे गॅलरीतल्या दिव्याचा उजेड बरा होता म्हणून. चेतना उंबऱ्याच्या आत आली आणि बसली नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. तेरा मुलं, बोधी, बाकीची चोवीस, प्रशिक्षणातलं वाक्य, आणि मुलुंडला डॉक्टरांना दिलेलं "हो".

तिला वाटलं होतं, विशाल अंगावर धावून येईल. तो घास हातात धरून बसला. मग त्यानं तो घास ताटात ठेवला.

"मी मारलं तिला," तो म्हणाला. "आज पण. तुम्हाला माहीत होतं?"

"आज कळलं."

"आजचं सोडा. मी तिला खोटारडी म्हणतो, हे माहीत होतं?"

"हो."

"किती दिवस?"

चेतनानं हिशेब केला. "दीड महिना."

विशाल उठला आणि हात न धुताच बाहेर निघून गेला. सपनानं बोधीला जवळ ओढलं, पट्टीची कड नखानं उचलली आणि नेहमीसारखी हळूहळू, भुवयांचे केस ओढले जाऊ नयेत अशी, सोडवली. सगळी निघाल्यावर ती दाराकडे न बघता म्हणाली, "टीचर, तुम्ही जा आता."

घरी चेतनाचा नवरा प्रबुद्ध ऐकून म्हणाला, "डॉक्टरनं स्वतः तुला वाट काढून दिली होती. गप्प बसली असतीस तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. आता बोंब होणार."

बोंब झाली. दोन दिवसांनी विशाल चाळीतल्या चार जणांना घेऊन ट्रस्टच्या ऑफिसात गेला. पुढच्या आठवड्यात चेतनाला बोलावणं आलं. तिथल्या बाईंनी दार लावून घेतलं आणि आवाज न चढवता सांगितलं की घरगुती कारण लिहून राजीनामा द्या. खरं कारण लिहिलंत तर बाकीच्या बालवाड्यांची कार्डंसुद्धा लोक संशयानं बघतील.

"बघायलाच पाहिजेत," चेतना म्हणाली. "माझी चोवीस तरी. मला त्या वर्षाचं रजिस्टर द्या. मी घरोघर जाऊन सांगते, पोरांना तपासून घ्या म्हणून."

"रजिस्टर ऑफिसचं आहे. ते बाहेर देता येणार नाही."

"मग तुम्ही कळवाल?"

"बघू," बाई म्हणाल्या.

चेतनानं राजीनामा लिहिला. कारणाच्या जागी डोळ्यांची तपासणी नीट केली नाही असं लिहिलं. बाईंनी तो कागद फाडला नाही, पण त्याची पोचही दिली नाही.

रजिस्टर मिळालं नाही म्हणून ती शांताबाईकडे गेली. शांताबाईला अक्षरओळख नव्हती, पण कुठलं पोर कोणाचं, कोण खिचडीतला वाटाणा काढून ठेवायचं, हे तिला पाठ होतं. दोघींनी बसून चोवीसपैकी एकवीस नावं जमवली. चेतनानं स्टेशनजवळच्या दुकानातून चित्रांचा तक्ता छापून घेतला आणि दर रविवारी निघायला लागली. तोपर्यंत तिला भांडुपमधल्याच एका गाळ्यात प्लॅस्टिकचे डबे पॅक करायचं काम मिळालं होतं. उभं राहून आठ तास.

टेकडीवर बातमी तिच्या आधी पोचलेली असायची. काही घरांत पाणी मिळालं, काही घरांचं दारच उघडलं नाही. एका बाईनं तोंडावर सांगितलं, "तेव्हा नाही तपासलंत, आता काय पुण्य कमवायला आलात?" तरी ती तिथे उभी राहिली आणि तिच्या पोराचे डोळे एकेक करून झाकून पाहिलेच. तीन कुटुंबं गावाला गेली होती, दोन वसई-विरारकडे कुठे, पत्ता कुणाला ठाऊक नाही. सोळा मुलं तिला सापडली. पंधरा जणांचे दोन्ही डोळे चांगले निघाले. प्रत्येक वेळी ती कागदावरच्या नावावर काट मारून पुढच्या दाराशी जायची.

सोळावा सुगत. साडेआठ वर्षांचा, अंगानं दणकट, चाळीच्या क्रिकेट टीमचा बॉलर. उजवा डोळा झाकला तेव्हा त्यानं भराभर सांगितलं. डावा झाकला तर दुसऱ्या ओळीपाशीच थांबला, मान तिरकी केली आणि म्हणाला, "हे बरोबर छापलेलं नाहीये."

त्याचे वडील मागे उभे होते. "अहो, स्टंप उडवतो तो. काय धाड भरलीय त्याच्या डोळ्याला?"

"एका डोळ्यानं उडवतो," चेतना म्हणाली. "मुलुंडला दाखवा. उशीर झालाय, पण अजून थोडं हातात आहे. पुढच्या वर्षी तेवढंही राहणार नाही."

"तुमच्या चुकीचं आमच्यावर काढू नका," ते म्हणाले आणि पोराला आत बोलावलं. ती पुन्हा गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा कडी वाजवूनही कुणी उघडलं नाही. आत टीव्ही चालू होता.

बोधीची पट्टी वर्षभर चालली. चेतनाला ते कुणाकुणाकडून कळायचं. सपनानं खड्यांचं काम सोडलं आणि रोज दुपारी एक ते सात पोरीजवळ बसायची. विशालनं नंतर हात उचलला नाही. आधी सुधारणा झाली. पहिल्या तीन महिन्यांत तक्त्यावरच्या दोन ओळी वाढल्या, सपनानं चाळीत पेढे वाटले. चेतनाच्या घरी पेढा आला नाही, पण शांताबाईनं आपल्यातला अर्धा आणून दिला. मग आकडा तिथेच थांबला. पुढचे सहा महिने तिथेच.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात एका रविवारी, उन्हं उतरताना, सपना चेतनाच्या दारात आली. एकटीच होती. चेतनानं आत बोलावलं तर म्हणाली, इथेच बरं आहे.

"डॉक्टर मॅडमनी पट्टी बंद करायला सांगितली. आता वाढणार नाही म्हणाल्या. एवढंच राहणार."

"किती?"

"वरच्या तीन ओळी. त्या डोळ्यानं पुस्तक वाचता येणार नाही. चष्मा जन्मभर, न फुटणाऱ्या काचेचा. चांगल्या डोळ्याला जपायचं, त्याला काही लागलं तर..." तिनं वाक्य सोडून दिलं. "बॅडमिंटन बंद केलंय तिचं."

माफी हा शब्द चेतनानं गेल्या वर्षभरात इतक्यांदा मनात घोळवला होता की आता तो जिभेवर आला तर पोकळ वाजेल असं तिला वाटलं.

"सपना, मी..."

"थांबा. मला बोलायचंय म्हणून मी आलेय." सपनानं चौकटीला हात लावला. "त्या दिवशी अडतीस पोरं होती. तुमचा घसा बसला, पोरं रडली. एक दिवस चुकलात. मी पण एखाद्या दिवशी खडे उलटे लावायचे, माल परत यायचा. ते मी समजू शकते. विशालला नाही जमणार, पण मी समजू शकते. पण नंतरचा दीड महिना, टीचर. विशाल मला काय काय बोलत होता, मी रोज तुम्हाला सांगत होते. पोरगी स्वतःला चोर समजत होती. आणि तुम्ही माझ्या घरी बसून माझ्या हातचा चहा पीत होतात. ते माझ्यानं नाही होत. मी खूप प्रयत्न केला, नाही होत."

"बरोबर आहे तुझं."

"बरोबर आहे म्हणून काय होतं." सपना पायरी उतरायला वळली आणि थांबली. "सुगतची आई भेटली होती. तुम्ही तीनदा गेलात म्हणाली."

"त्यांनी नेलं का त्याला?"

"नाही. मी घेऊन जाणारेय. मंगळवारी, मुलुंडला. त्याच्या बापाला सांगणार नाही आम्ही." मग ती म्हणाली, "तुम्ही आता तिकडे जाऊ नका. तुम्ही गेलात की ती माणसं अडून बसतात."

"नाही जाणार," चेतना म्हणाली.

मंगळवारी तिची गाळ्यात दुपारची पाळी होती. डब्यांची झाकणं बसवताना तिला दोनदा वेळ बघावी लागली, आता पोचले असतील, आता थेंब घातले असतील. सुगतचं पुढे काय निघालं ते तिला कुणी कळवलं नाही. शांताबाईलाही नक्की ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलं पट्टी लागली, कुणी सांगितलं बापाला कळल्यावर पट्ट्यांचं खोकं गटारात गेलं. चेतनानं सुगतच्या चाळीकडे जायचं टाळलं. उरलेली पाच नावं तिच्या कागदावर होती, वसई-विरारची दोन आणि गावाकडची तीन. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तिनं तक्त्याची गुंडाळी पिशवीत घातली आणि विरारला, कुणीतरी कुणाला तरी सांगितलेल्या एका पत्त्यावर निघाली. तो पत्ता चुकीचा निघाला.